हद्दीच्या दगडाच्या आत

आमच्या अप्पांना माणिकप्पा म्हणून हाक मारणारी माणसं आता गावात चार-दोनच उरली असतील. बाकी सगळं बेलहिप्परगा त्यांना तळ्याप्पा म्हणतं. तोंडावर नाही, पण पाठीमागं सर्रास. शाळेत मला 'तळ्याप्पाची मंजुश्री' म्हणणाऱ्या दोघींच्या मी झिंज्या उपटल्या होत्या, आणि त्याबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही. माझी आई जगदेवी, म्हणजे आमची अव्वा, म्हणायची, "ही पोरगी मिरचीच्या वाफ्यात जन्मली."

गावाच्या खालच्या अंगाला आमचं ओढ्याकाठचं रान आहे. आहे म्हणजे होतं. त्याच्या पुढं दोन टेकड्या एकमेकींच्या जवळ येतात. अप्पा अठ्ठ्याण्णव साली सरपंच झाले आणि तिथं भिंत घातली तर मोठा साठवण तलाव होईल, तीन वस्त्यांची तहान भागेल, हे त्यांच्या डोक्यात बसलं. असं बसलं की घरात आणखी एक माणूस राहायला आलंय असं आम्हाला वाटायला लागलं. अव्वा तर तळ्याला सरळ सवतच म्हणायची. अप्पा कागदांची पिशवी काखेला लावून लातूरची गाडी धरायला निघाले की ती भाकरी बांधून देता देता विचारायची, "निघालात का सवतीला भेटायला? रिकाम्या हातानं कुटं जाता? तिला एखादं लुगडं तरी न्या की."

अप्पा हसायचे नाहीत. भाकरी घ्यायचे, वहाणा घालायचे आणि चालू लागायचे. अव्वा मात्र स्वतःच्याच बोलण्यावर हसत चुलीपुढं बसायची. मी आणि माझा भाऊ उमाशंकर पण हसायचो. तेव्हा ती गंमतच होती.

दोन हजार एकला पहिली मोजणी झाली. पाणी कुठवर चढेल तिथं तिथं दगड रोवले, त्यांना चुना फासला. त्या संध्याकाळी अप्पांनी महादेवाच्या देवळापुढं गाव गोळा केलं आणि सांगितलं, "आजपासनं ह्या दगडाच्या आत कुणी हीर घ्यायची न्हाई, कोठा बांधायचा न्हाई, आन् कुणाला माती द्यायची न्हाई. आत सगळं पाणी येनार हाय."

शेवटचं वाक्य बोलायला सोपं होतं, पाळायला नाही. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला आपल्याच रानात खड्डा घेऊन बसवतात. मांडी घातलेली, तळहातावर इष्टलिंग, अंगावर विभूती, वरून बेलाची पानं. नवऱ्याशेजारी बायको, बायकोशेजारी नवरा. एकदा बसवलेल्या माणसाला मग कुणी उठवत नाही. त्यामुळं आमच्या गावात घर कुठं बांधावं यापेक्षा म्हातारीला कुठं बसवावं यावर जास्त भांडणं होतात.

पहिली परीक्षा दोनच वर्षांनी आली. नरसिंगकाकांची आई गुरम्मा गेली. तिचा नवरा ओढ्याकाठच्या त्यांच्या रानात बसलेला, त्याच्या शेजारची जागा म्हातारीनं जिवंतपणी दहा वेळा बोट दाखवून सांगितलेली. खड्डा तयार झाला होता. अप्पा तिथं गेले आणि खड्ड्याच्या काठावर हात जोडून उभे राहिले. मी तेव्हा नववीत होते, अव्वाबरोबर मातीला गेले होते.

"नरसिंगा," अप्पा म्हणाले, "ही जागा पाण्याची हाय. म्हातारीला पाण्यात नगं बसवू."

"कुटं हाय पाणी?" नरसिंगकाका ओरडले. "तुझ्या पिशवीत हाय का? दाव की!"

अप्पा हललेच नाहीत. डोळ्यांत पाणी, हात जोडलेले, पण पाय रोवलेले. अर्धा तास गाव उन्हात उभं राहिलं. शेवटी नरसिंगकाकांनी खड्डा बुजवला आणि आईला वर माळावर नेलं, नवऱ्यापासून मैलभर लांब. पुढं सात वर्षं ते अप्पांशी बोलले नाहीत. घरी येताना अव्वा पहिल्यांदाच सवतीवरून काही बोलली नाही.

मला त्या दिवशी अप्पांचा राग आला होता. तो राग नंतर कधी पूर्ण गेलाच नाही, फक्त त्याची कारणं बदलत गेली. माझ्या दहावीच्या निकालादिवशी ते लातूरला कचेरीत. उमाशंकरचं लग्न ठरलं तेव्हा ते मुंबईला कुणाची तरी सही घ्यायला. दोन निवडणुका ते हरले, सरपंचपद गेलं, तरी तलाव समितीचे अध्यक्ष म्हणून हेलपाटे चालूच. सोबतीला एकटे धम्मानंदकाका. ते खालच्या वस्तीतले, बौद्ध वाड्यातले. त्यांच्या वस्तीला फेब्रुवारीपासून टँकर लागायचा आणि टँकरवाला आधी वरच्या आळीत पाणी सोडून उरलंसुरलं त्यांच्याकडं न्यायचा. अप्पा आणि ते, दोघांनी मिळून किती चपला झिजवल्या याचा हिशोब कुणी ठेवला नाही. कचेरीतला शिपाई त्यांना बघून म्हणायचा, "आली बघा रामलक्ष्मणाची जोडी." साहेब आत असला तरी बाहेर गेलाय म्हणून सांगायचा.

आणि अव्वा? ती ओढ्याकाठच्या रानात असायची. तिथं तिनं एक वाफा धरला होता, मिरची, वांगी, कोथिंबीर, कडेला चार शेवंतीची झाडं. ओढा आटला की झऱ्याचं पाणी तांब्यातांब्यानं घालायची. अप्पांनी आयुष्यात तिच्याकडं कधी नीट पाहिलं असेल असं मला वाटत नाही. ती मात्र पाहायची. अप्पांची पिशवी फाटली की ती नवी शिवायची. ओळीनं पाच पिशव्या झाल्या.

दोन हजार सोळाचा उन्हाळा आमच्याकडं कुणी विसरणार नाही. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. मी तोवर लातूरला शाळेत नोकरीला लागले होते, लग्न होऊन तिथंच राहत होते. एप्रिलमध्ये अव्वाच्या छातीत दुखायला लागलं म्हणून अप्पांनी तिला लातूरच्या दवाखान्यात आणलं. नऊ दिवस ती तिथं होती. मी सकाळ-संध्याकाळ डबा न्यायचे, अप्पा तिच्या उशाशी बसलेले असायचे. त्या दिवसांत त्यांच्याकडं पिशवी नव्हती. मला ते बघून इतकं बरं वाटलं की मी स्वतःवरच चिडले.

नवव्या दिवशी दुपारी अव्वा गेली.

गावी आणलं. विधीला स्वामी आले. उमाशंकर नांदेडहून पोचला. आमच्या घरच्या समाध्या माळावर आहेत, बेलाच्या झाडाखाली. आजा-आजी, चुलते सगळे तिथंच. माणसं कुदळी घेऊन माळाकडं निघाली, तर अप्पा म्हणाले, "तिकडं न्हाई. वढ्याकाठच्या रानात. तिच्या वाफ्यापाशी."

माणसं जागीच थांबली. वाफा हद्दीच्या दगडाच्या चांगला आत होता. पंधरा वर्षं ज्या माणसानं दुसऱ्या कुणाला आत माती देऊ दिली नाही, तो स्वतःच्या बायकोला आत बसवायला निघाला होता. नरसिंगकाका माझ्या शेजारीच उभे होते. मला वाटलं, आता हे बोलणार. बोलायचा हक्क गावात कुणाला असेल तर त्यांनाच होता. त्यांनी अप्पांकडं बघितलं, मग कुदळ खांद्यावर घेतली आणि सगळ्यांच्या पुढं ओढ्याची वाट धरली. खड्डा त्यांनीच खणला.

अव्वाला बसवलं. तिच्या डाव्या अंगाला अप्पांनी पाच हात जागा सोडली आणि चार कोपऱ्यांना चार धोंडे ठेवले. "ही माझी," एवढंच म्हणाले.

मी खूप रडले, पण रडण्यात कुठंतरी समाधानही होतं. आता लिहायला लाज वाटते, पण होतं. मला वाटलं, शेवटी एकदा, मेल्यावर का होईना, अप्पांनी अव्वाला तळ्याच्या पुढं ठेवलं. स्वतःचा नियम मोडला, गावाचे बोल खायची तयारी ठेवली, आणि तिला तिच्या वाफ्यापाशी बसवलं. हा एक दिवस मी गाठीला बांधून ठेवला. अप्पांचा राग आला की तो काढून बघायचे आणि राग थोडा उतरायचा.

त्याच उन्हाळ्यात तलावाची फाईल बंद झाल्याचं पत्र आलं होतं, हे मला नंतर धम्मानंदकाकांकडून कळलं. ओढ्याला पुरेसं पाणी नाही, सबब प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे. मला वाटलं, सुटलो. पण अव्वाला जाऊन दोन महिने झाले नाहीत तोच अप्पांनी पिशवी पुन्हा खुंटीवरून काढली. पाचवी, अव्वानं शिवलेली. "पाणी हाय का न्हाई ते आमी मोजून दावू," म्हणून ते आणि धम्मानंदकाका पावसाळाभर ओढ्यात पट्टी रोवून रोज पाणी मोजत बसले. चार पावसाळे मोजलं. लोक म्हणाले, बायको गेली आणि तळ्याप्पाचं डोकं फिरलं.

तो वेडेपणा फळाला आला. दोन हजार बावीसला तलाव मंजूर झाला.

पेढे वाटायच्या आधीच सगळ्यांच्या लक्षात आलं की अव्वा पाण्याखाली जाणार. नुसती कडेला नाही, ऐन मधोमध, तीस फूट खाली. मी लातूरहून आले. स्वामींना विचारलं, समाधी हलवता येईल का? ते म्हणाले, "लिंगैक्य झालेल्या जीवाला उठवत न्हाईत, बाई. तुझ्या वडलांला इचारलं मी. त्येनी बी न्हाईच म्हणले."

मग मी मोजणीला आलेल्या इंजिनिअरला गाठलं. पोरसवदा होता, भला होता. त्यानं नकाशा पसरला, बराच वेळ पट्टी इकडंतिकडं केली आणि म्हणाला, "मॅडम, भिंत तीनशे मीटर वर घेता येते. तुमचं रान वाचेल. साठा निम्म्याहून कमी होईल, पण वरचं गाव भागेल. समितीच्या अध्यक्षांनी पत्र दिलं तर मी साहेबांकडं शब्द टाकतो."

मी तीन दिवस गाव पालथं घातलं. मला वाटलं होतं, लोक नाही म्हणतील. पण लोकांनी सह्या दिल्या. पहिली सही नरसिंगकाकांची. "माझी आई मी वर न्हेली," ते म्हणाले, "त्येचं दुःख मला म्हाईत हाय. माणिकप्पाला नगं ते." आमच्या गावात माणसं अशी आहेत. वाळूचे पैसे खातील, बांध कोरतील, पण समाधीचा प्रश्न आला की विरघळतात. शेवटी मी खालच्या वस्तीत गेले. धम्मानंदकाका अंगणात बसले होते. कागद वाचला. भिंत वर गेली तर त्यांच्या वस्तीला आणि पलीकडच्या तांड्याला थेंब मिळणार नव्हता, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"अप्पाला इचारलं का?"

"न्हाई, काका. आधी सगळ्यांच्या सह्या."

आत त्यांची सून रिकाम्या घागरी लावून ठेवत होती, आवाज येत होता. मग त्यांनी पेन घेतलं आणि सही केली. म्हणाले, "जगदेवीवैनींच्या हातची भाकरी मी वीस वर्षं खाल्ली, ताई. न्हाई कसं म्हणू?" आणि कागद देताना माझ्याकडं बघितलं नाही. मला तेव्हा स्वतःची लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. मला फक्त सही मिळाल्याचा आनंद झाला.

देवळापुढं ग्रामसभा भरली. मी कागद अप्पांच्या पुढं ठेवला. एकशे एकोणऐंशी सह्या. खाली अध्यक्षांची जागा रिकामी.

अप्पांनी चष्मा लावला. एकेक सही बोटानं वाचली. नरसिंगकाकांच्या नावावर बोट थांबलं. धम्मानंदकाकांच्या नावावर तर इतका वेळ थांबलं की मला वाटलं, झालं, आता मानले. सगळं गाव वाट बघत होतं. कुणीतरी मागून म्हणालं, "करा सही अप्पा. काकूला पाण्यात नगा घालू."

अप्पांनी चष्मा काढला. "धम्मानंदा," ते म्हणाले, "तुझ्या वस्तीला टँकर कधीपासून लागतो?"

"फेब्रुवारीपासनं."

"भिंत वर घेतली तर?"

धम्मानंदकाकांनी मान खाली घातली.

"तर मरूस्तोवर लागंल," अप्पा म्हणाले. "तीन वस्त्यांचं तळं म्हणून मी पंचवीस वर्षं बोंबलत फिरलो. आता माझ्या घरचं माणूस मधी आलं म्हणून एका वस्तीचं करू का? नरसिंगाला खड्डा बुजवायला लावला मी. त्येला आता काय तोंड दावू?" त्यांनी कागदाची घडी केली आणि माझ्या हातात दिली. "भिंत हाय तिथंच व्हईल."

मी काय बोलले ते सगळं मला आठवत नाही. आठवतं ते पुरे आहे. "तुमाला अव्वा कधी दिसलीच न्हाई," मी भर सभेत म्हणाले. "जित्ती असताना न्हाई, मेल्यावर एक दिवस दिसली. तेवढा एक दिवस व्हता तिच्या वाट्याचा, त्यो बी आज काढून घेतला तुमी. तिची सवत जिंकली."

अप्पांचं तोंड एकदम उतरलं. ते काहीतरी बोलायला गेले, ओठ हलले, पण आवाज आला नाही. मला वाटलं, माझं बोलणं वर्मी लागलं. लागलं होतं खरं, पण मला वाटलं त्या जागी नाही, हे कळायला तीन वर्षं जायची होती.

त्यानंतर मी गावी गेले नाही. फोनही नाही. भिंतीचं काम सुरू झालं, काळी माती पडली, दगड पडले, हे उमाशंकर सांगायचा आणि मी विषय बदलायचे. मूर्खपणा होता. सत्तरी ओलांडलेला बाप, एकटा, स्वतःच्या हातानं चूल पेटवणारा. पण मिरचीच्या वाफ्यात जन्मलेल्यांचं असंच असतं, जळतं ते आधी आपलंच तोंड.

गेल्या सप्टेंबरात धम्मानंदकाकांचा फोन आला. "ताई, तळं भरलं. सांडव्यावरनं पाणी पडायलंय." मग ते म्हणाले, "अप्पा सकाळपासनं भिंतीवर बसत्यात ते अंधार पडूस्तोवर उठनात. चार दिस झाले. जेवण धड न्हाई. तुमी या."

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गेले. उदगीरला उतरून बेलाची पानं घेतली.

भिंतीवर चढले आणि समोर बघून उभीच राहिले. आमच्या गावात इतकं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. ओढा नाही, रान नाही, वाफा नाही, दगड नाहीत. या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत सगळं तांबूस पाणी, त्यावर वारा. राग धरून आले होते, पण खोटं कशाला बोलू, छाती भरून आली.

अप्पा भिंतीच्या मधोमध बसले होते. किती वाळले होते! मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, नवल वाटल्यासारखं नाही, रोजच यावी तशी मी आले असं.

"त्या लिंबाच्या शेंड्यापासनं सरळ बघ," त्यांनी बोट केलं. "आन् हिकडं देवळाचा कळस धर. दोन्ही रेघा जिथं मिळत्यात तिथं हाय ती."

मी पानं पाण्यात सोडली. वारा आमच्याकडं येत होता. पानं आत जाईनात, पुन्हा पुन्हा भिंतीच्या दगडांशी येऊन लागत होती.

"अप्पा, माझं चुकलं," मी म्हणाले. "सभेत मी तसं बोलायला नको व्हतं. तुमी एक दिवस तरी तिला पुढं ठेवली, नियम मोडून तिच्या वाफ्यापाशी बसवली, ते मी इसरले न्हाई."

अप्पांनी मान हलवली. नाही, नाही, अशी. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तेच तर सांगायचं व्हतं त्या दिशी," ते म्हणाले. "त्वांड उघडंना माझं."

"काय?"

"पत्र ती जायच्या आधी दोन दिस आलं व्हतं, मंजे. फाईल बंद झाल्याचं. धम्मानंदानं दवाखान्यात आणून दिलं. मी खिशात घातलं. तिला दावलं न्हाई, तुला न्हाई, कुणालाच न्हाई. तिला माती दिली तवा बी माझ्या खिशातच व्हतं."

मी मनात दिवस मोजायला लागले.

"अठरा वर्षं झाली व्हती. मला वाटलं, संपलं. आता तळं व्हत न्हाई. मग कशाचा दगड आन् कशाची हद्द. म्हणलं, आता तर तिला तिच्या वाफ्यापाशी बसवू. तेवढं तरी करू तिच्यासाठी." ते थांबले. "मी नियम मोडला न्हाई गं. माझ्या लेखी नियमच उरला नव्हता. अठरा वर्षांत एकदाच मी हार खाल्ली, आन् नेमकी त्याच दिशी माती व्हती."

म्हणजे मी गाठीला बांधलेला तो दिवसही तळ्याचाच होता. मला हसू यावं की रडू यावं कळेना. तरी मी म्हणाले, "मग काय झालं, अप्पा? तिला ती जागा आवडायची. तिनं मागितलीच असती."

"न्हाई," अप्पा म्हणाले.

खालच्या वस्तीतल्या बाया भिंतीच्या टोकाला घागरी घेऊन उतरल्या होत्या, त्यांचं मोठ्यानं बोलणं पाण्यावरून आमच्यापर्यंत येत होतं.

"तिनं माळ मागितला व्हता. जायच्या दिशी सकाळी, तू डबा आणायला गेली व्हतीस तवा. मला म्हणली, मला वर बेलापाशी बसवा. तळं भरल्यावर तिथनं सगळं दिसंल. म्हणली, जलमभर सवत सवत म्हणले, एकदा तिचं त्वांड तर बघू द्या."

मी आयुष्यात पहिल्यांदा अप्पांना असं रडताना बघितलं, लहान पोरासारखं, खांदे हलवत.

"तिला खात्री व्हती, मंजे. पत्र माझ्या खिशात व्हतं आन् खात्री तिला व्हती. मी हाव म्हणलो. तिचा हात हातात घेऊन हाव म्हणलो. आन् खाली आणून बसवलं. म्हणलं, वर कशाला बसवायचं, तिथनं काय दिसनार हाय? नुसता माळ आन् कोरडा वढा."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला फक्त अव्वा आठवत होती, चुलीपुढं बसून एकटीच हसणारी. ती थट्टा करत होती असं आम्ही तिघंही समजत होतो. पाच पिशव्या तिनं शिवल्या होत्या.

"मग परत पिशवी का काढली?" मी विचारलं. "तळं झालं की ती बुडनार, हे म्हाईत असून?"

"दीड म्हयना झोप न्हाई मला. तिला बघायला न्हाई मिळनार, ते माझ्यामुळं गेलं. निदान व्हावं तरी म्हणलं. न्हाई झालं असतं, तर तिची खात्री बी खोटी ठरली असती ना गं." त्यांनी टोपीनं डोळे पुसले. "त्या एका दिशी थांबलो असतो, मंजे, तर ती वर असती. मी बी वर तिच्या शेजारी गेलो असतो. आता ती खाली आन् मी माळावर एकटा बसनार."

तेवढ्यात घागर घेतलेल्या बायांपैकी एकीनं आमच्याकडं बघून हाळी दिली. धम्मानंदकाकांची सून होती. "अप्पा! पाणी लई ग्वाड हाय बरं का!"

अप्पांनी घाईघाईनं टोपी डोक्यावर घातली, हात वर केला आणि मोठ्यानं म्हणाले, "प्या बाई, प्या! भरून न्या!" आवाज ठणठणीत होता. पंचवीस वर्षं कचेरीच्या दारांत उभं राहून कमावलेला.

ऊन कलायला लागलं. मी म्हणाले, "चला घरी. भाकरी टाकते." ते उठले. माझ्या खांद्याला धरून दोन पावलं चालले आणि थांबून वर माळाकडं बघितलं. बेलाचं झाड तिथून स्पष्ट दिसत होतं.

"तिथनं लई चांगलं दिसतंय म्हणत्यात," ते म्हणाले. "नरसिंग जाऊन आला, समदं गाव जाऊन आलं. मी न्हाई गेलो अजून."

मग आम्ही खालच्या वाटेनं घरी गेलो. मी चार दिवस राहिले, मीही माळावर गेले नाही.